एलएओ-एसटीओ इंटरफेस: वीज मिळवावी कशी आणि चुंबकत्व तपासावं कसं

स्ट्रॉन्शियम टायटनेट (एसटीओ) हा काचेसारखा पारदर्शक, पक्का विद्युतरोधक स्फटिक. लॅन्थनम अ‍ॅल्युमिनेटही (एलएओ) तसाच. पण पहिल्यावर दुसऱ्याचा जेमतेम दीड नॅनोमीटर जाडीचा थर नीट बसवला, की दोघांच्या सांध्यातून वीज वाहायला लागते. अकिरा ओहतोमो आणि हॅरल्ड ह्वांग यांनी २००४ साली हे दाखवलं. २००७ साली जिनिव्हा आणि ऑग्सबर्गच्या गटांना त्याच सांध्यात २०० मिलिकेल्विनच्या आसपास अतिवाहकता सापडली, आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या ट्वेंटेच्या गटाने चुंबकत्वाच्या खुणा दिसल्याचं जाहीर केलं. दोन्ही मूळ पदार्थ विद्युतरोधक आणि अचुंबकीय, तरी सांध्यावर हे सगळं.

लॅबमध्ये आम्ही या जोडीला एलएओ-एसटीओ म्हणतो, इथेही तसंच म्हणते. ज्यांच्या हाताशी पीएलडी (लेझरने पातळ थर चढवायचं यंत्र) आहे आणि गाइडने ‘जरा करून बघा’ म्हणून हा विषय दिलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: इथे वीज मिळवणं जमतं, खरं चुंबकत्व मिळवणं फार अवघड आहे, आणि खोटं चुंबकत्व मागाल तितकं मिळतं. म्हणून नमुना बनवायला लागायच्या आधीच तो कशासाठी बनवताय हे ठरवा. रोध मोजायचा नमुना वेगळा, चुंबकत्व मोजायचा वेगळा. एकाच तुकड्यावर दोन्ही उरकायचा मोह टाळा.

थोडं कारण समजून घेऊ, नाहीतर पुढचे आकडे पाठ करावे लागतील. एसटीओमध्ये स्ट्रॉन्शियम ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे थर आलटून पालटून येतात आणि दोन्ही विद्युतभाराने उदासीन असतात. एलएओमध्ये मात्र लॅन्थनमचा थर अधिक एक आणि अ‍ॅल्युमिनियमचा उणे एक. त्यामुळे एलएओचा एकेक थर वाढला की आतलं विभव चढत जातं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की इलेक्ट्रॉन सांध्याकडे सरकतात आणि टायटॅनियमच्या कक्षांमध्ये बसतात. मानहार्ट यांच्या ऑग्सबर्गच्या गटाने २००६ मध्ये ही मर्यादा दाखवली: एलएओचे तीन युनिट सेल (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा सर्वात छोटा ठोकळा) घातले तर विद्युतरोधक, चार घातले तर वाहक. हिशोबाने दर सेलमागे अर्धा इलेक्ट्रॉन यायला हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३.३ गुणिले १० चा १४वा घात इतके. प्रत्यक्षात हॉल मापनात (चुंबकीय क्षेत्रात आडवा उमटणारा व्होल्टेज बघून इलेक्ट्रॉन मोजणं) बहुतेकदा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळतात. उरलेले कुठे गेले यावर भरपूर वाद झालेत. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, लॅन्थनम-स्ट्रॉन्शियमची अदलाबदल, सगळ्यांचाच थोडाथोडा वाटा आहे असं मला वाटतं. शुद्ध ‘पोलर कॅटॅस्ट्रॉफी’वर, म्हणजे फक्त या चढत्या विभवावर, बोट ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांचा ऑक्सिजनचा दाब किती होता ते विचारते.

सबस्ट्रेट (ज्यावर थर चढवायचा तो पाया): अर्धं काम इथेच

एसटीओचा (००१) तुकडा घ्या, ५ बाय ५ मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर जाड. विकत आणलेल्या तुकड्याच्या पृष्ठभागावर दोन्ही प्रकारचे थर मिसळलेले असतात. आपल्याला सगळीकडे टायटॅनियमचाच थर वर हवा, कारण स्ट्रॉन्शियमचा थर वर राहिला तर सांधा विद्युतरोधकच राहतो.

कृती अशी. आधी अ‍ॅसिटोन आणि इथेनॉलने धुणं. मग डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात अल्ट्रासोनिकमध्ये दहा ते तीस मिनिटं. हे पाणी म्हणजे नुसतं विसळणं नव्हे, पृष्ठभागावरच्या स्ट्रॉन्शियम ऑक्साइडचं हायड्रॉक्साइड व्हावं म्हणून ते आहे. नंतर बफर्ड एचएफमध्ये (हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या द्रावणात) अर्धा मिनिट, लगेच पुन्हा पाणी, नायट्रोजनने वाळवणं, आणि शेवटी नळीच्या भट्टीत ऑक्सिजनच्या प्रवाहात ९५० अंश सेल्सियसला तासभर. एचएफमध्ये वेळ लांबला तर पृष्ठभागावर खड्डे पडतात, म्हणून घड्याळ समोर ठेवा.

एचएफबद्दल एक शब्दही गाळत नाही. काचेचं भांडं चालत नाही, टेफ्लॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचंच हवं. त्वचेवर पडलं तर सौम्य द्रावणाची आग लगेच जाणवत नाही, आणि तोच धोका आहे. ते आत शिरून शरीरातल्या कॅल्शियमला धरतं. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हुडच्या (वाफा खेचणाऱ्या कपाटाच्या) शेजारी आहे का आणि तिची तारीख उलटली नाही ना, हे बाटली उघडण्याआधी बघा. एकटं असताना हे काम करायचं नाही. रविवारी तर नाहीच.

भट्टीतून काढल्यावर एएफएमखाली (बारीक सुईने पृष्ठभागाची उंची टिपणारा सूक्ष्मदर्शक) बघा. नीट झालं असेल तर सह्याद्रीच्या उतारावरच्या भातखाचरांसारख्या समांतर, सपाट पायऱ्या दिसतील. प्रत्येक पायरीची उंची ०.३९ नॅनोमीटर, म्हणजे बरोबर एक युनिट सेल. रुंदी तुमच्या स्फटिकाच्या कलावर ठरते: ०.१ अंश कल असेल तर साधारण सव्वादोनशे नॅनोमीटर, ०.२ अंश असेल तर त्याच्या निम्मी. पायरी ०.२ नॅनोमीटरची दिसली तर ती अर्धी आहे आणि दोन्ही प्रकारचे थर अजून वर आहेत. एएफएममध्ये घर्षणाचं चित्रही सोबत घ्या. उंचीत जे कळत नाही ते घर्षणात डाग होऊन दिसतं. असा तुकडा पुढे नेऊ नका. पुन्हा पाण्यापासून सुरुवात करा.

पावसाळ्यात मुंबईत काय किंवा कोकणातल्या कुठल्या कॉलेजात काय, तयार तुकडा उघड्यावर ठेवलात तर हवेतली वाफ आणि कार्बनी घाण बसायला वेळ लागत नाही. डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी झालीय तेवढं बघत चला, आणि शक्यतो त्याच दिवशी तुकडा चेंबरमध्ये घाला.

थर चढवणं

पीएलडी म्हणजे ज्याचा थर हवा त्या पदार्थाच्या तुकड्यावर, म्हणजे टार्गेटवर, लेझरचे ठोके मारून उडालेला पदार्थ तापलेल्या सबस्ट्रेटवर बसवणं. १९८७ साली अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन कंपनीत टी. वेंकटेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च तापमानाच्या अतिवाहकाचे थर या पद्धतीने केले आणि तिथून ती ऑक्साइडवाल्यांच्या घरोघरी गेली. पुण्यात आधी एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि नंतर आयसर या विज्ञानसंस्थेत काम केलेले सतीशचंद्र ओगले याच परंपरेतले. मराठी विद्यार्थ्याला या क्षेत्रात ओळखीचं नाव शोधावं लागत नाही.

आमची सेटिंग साधारण अशी असते: क्रिप्टॉन फ्लोराइडचा २४८ नॅनोमीटरचा लेझर, टार्गेट म्हणून एलएओचा एकस्फटिक, दर चौरस सेंटिमीटरला १ ज्यूलच्या आसपास ऊर्जा, सेकंदाला एक ठोका, सबस्ट्रेट ७५० ते ८०० अंशांवर, ऑक्सिजनचा दाब १० चा उणे ४था घात मिलिबार. लेझरची ऊर्जा खिडकीच्या आतल्या बाजूला मोजा. खिडकीवर दर खेपेला थोडा पदार्थ बसतो, आणि बाहेरचा आकडा तसाच राहून आतला गुपचूप घसरतो. हा आकडा महत्त्वाचा, कारण त्यावर थरातलं लॅन्थनम आणि अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण हलतं. २०१३ मध्ये एमबीई पद्धतीने (निर्वातात अणूंचे झोत सोडून) केलेल्या थरांवर दाखवलं गेलं की लॅन्थनम किंचित जास्त झालं तर चार काय, कितीही थर घाला, सांधा वाहत नाही. लॅन्थनमचं दुसऱ्याशी प्रमाण ०.९७ च्या खाली, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम थोडं जास्त, असायला लागतं. सगळं काटेकोर करूनही नमुना विद्युतरोधक निघाला तर पहिला संशय इथे घ्या.

थर मोजायला आरएचईईडी, म्हणजे पृष्ठभागावर तिरका इलेक्ट्रॉनांचा झोत मारून परतणारा ठिपका बघणं. स्क्रीनवरच्या ठिपक्याची तीव्रता खाली जाते आणि पुन्हा वर येते, एक हेलकावा म्हणजे एक युनिट सेल. नजर आलेखावर आणि बोट लेझरच्या बटणावर ठेवून चौथ्या शिखरावर थांबायचं. हेलकावे हळूहळू विझत गेले तर चालतं, पण दुसऱ्याच हेलकाव्याला ते मेले तर तापमान किंवा पृष्ठभाग बिघडलाय. या दहा-पंधरा मिनिटांत लाइट गेली तर नमुना गेला, म्हणून यूपीएसवर हीटर आणि पंप दोन्ही आहेत ना हे आधी विचारून ठेवा. नुसता कॉम्प्युटर यूपीएसवर असण्याचा उपयोग नाही.

थर झाला की लगेच थंड करू नका. ६०० अंशांच्या आसपास, काही दशांश बार ऑक्सिजनमध्ये तासभर ठेवा आणि मग उतरवा. ही पायरी गाळली तर एसटीओच्या आत ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा राहतात आणि अख्खा सबस्ट्रेटच वाहायला लागतो. सुरुवातीच्या काळातल्या फार मोठ्या गतिशीलतेच्या (इलेक्ट्रॉन किती सहज धावतात त्याचं माप) काही आकड्यांमागे हेच होतं हे नंतर बऱ्याच गटांनी दाखवलं. १० चा उणे ६वा घात मिलिबार दाबाखाली केलेला, नंतर ऑक्सिजन न दिलेला नमुना फार सुंदर वाहतो आणि सांध्याबद्दल काहीच सांगत नाही.

म्हणून प्रत्येक खेपेला जोडीचे नमुने करा. एक चार सेलचा. एक तीन सेलचा, जो वाहता कामा नये. आणि एक नुसता एसटीओ, ज्याने सगळं सोसलंय, तीच भट्टी, तोच दाब, तोच वेळ, फक्त लेझरचा ठोका नाही. तोही वाहत असेल तर तुमचा सांधा नाही, तुमचा ऑक्सिजन बोलतोय. या तिसऱ्या तुकड्यासाठी वेळ नाही म्हणणाऱ्यांना नंतर रेफरीला उत्तर द्यायला बराच वेळ काढावा लागतो.

रोध आणि हॉल

वर एलएओ विद्युतरोधक आहे, मग तार लावायची कुठे? अल्ट्रासोनिक वेज बाँडर (बारीक तार दाबून चिकटवणारं यंत्र) घ्या आणि अ‍ॅल्युमिनियमची तार थेट वरून दाबा. दाबताना ती पातळ थर फोडून सांध्यापर्यंत पोचते. चार कोपऱ्यांना चार तारा, व्हॅन डेर पाउ पद्धत. दोन्ही दिशांचे रोध जवळपास सारखे असतील तर त्यांची सरासरी घेऊन ४.५३ ने गुणा, शीट रोध (पातळ थराच्या एका चौरसाचा रोध) मिळतो. खोलीच्या तापमानाला चांगल्या नमुन्यात तो दहा ते तीस किलोओहमच्या घरात असतो आणि ४ केल्विनला काही शे ओहमवर येतो. दोन दिशांत मोठा फरक आला तर घाबरू नका, पण तो विसरूही नका. १०५ केल्विनला एसटीओची घनाकृती रचना किंचित ताणली जाते, वेगवेगळ्या दिशांचे पट्टे तयार होतात आणि प्रवाह काही पट्ट्यांच्या कडेने जास्त वाहतो. पुन्हा गरम करून थंड केलं की पट्टे बदलतात आणि आकडाही बदलतो.

उजेड हा इथला मोठा खोडकर. एसटीओचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ३९० नॅनोमीटरच्या आतला कुठलाही उजेड त्यात इलेक्ट्रॉन उडवतो. खिडकीतलं ऊन, ट्यूबलाइट, कशानेही रोध घसरतो आणि अंधार केला तरी तासन्‌तास परत वर येत नाही. नमुना आदल्या संध्याकाळी क्रायोस्टॅटमध्ये (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या पात्रात) घालून अंधारात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मोजा. सोबत रोध विरुद्ध वेळ असा आलेख चालू ठेवा. तो सरळ झाल्याशिवाय काहीही सुरू करायचं नाही.

हॉलसाठी एक ठोकताळा लक्षात असू द्या: दर चौरस सेंटिमीटरला ३ गुणिले १० चा १३वा घात इलेक्ट्रॉन असतील तर १ टेस्लाला हॉल रोध २१ ओहमच्या आसपास यायला हवा. आकडा याच्या शंभरपट कमी आला तर इलेक्ट्रॉन शंभरपट जास्त आहेत, म्हणजे पुन्हा तोच ऑक्सिजन. रेषा सरळ न येता वाकली तर लगेच ‘अ‍ॅनॉमलस हॉल, चुंबकत्व सापडलं’ म्हणून मेल पाठवू नका. टायटॅनियमच्या दोन वेगळ्या प्रकारच्या कक्षांमधले इलेक्ट्रॉन एकाच वेळी वाहत असले तरी रेषा अशीच वाकते. वाइझमन इन्स्टिट्यूटच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की १.७ गुणिले १० चा १३वा घात या घनतेच्या वर दुसऱ्या कक्षाही भरायला लागतात. तुमचे बहुतेक नमुने त्या रेषेच्या वरच असणार.

खालून गेट (व्होल्टेज देऊन इलेक्ट्रॉन कमीजास्त करणारं टोक) लावायचा असेल तर पाठीवर चांदीची पेस्ट आणि १००-२०० व्होल्ट. अर्धा मिलिमीटर जाड स्फटिकाला एवढा व्होल्टेज ऐकू येतो, कारण ४ केल्विनला एसटीओचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) खोलीच्या तापमानाच्या ३०० वरून २० हजारांच्या घरात जातो. पहिल्यांदा व्होल्टेज चढवताना जो आलेख येतो तो उतरताना येत नाही. म्हणून आधी एकदा वरच्या टोकापर्यंत नेऊन आणा आणि मग त्या मर्यादेच्या आतच मोजा. गळतीचा प्रवाह नॅनोअँपिअरच्या पुढे गेला तर थांबा.

चुंबकत्व: इथे घाई करू नका

आधी एक हिशोब करू, कारण तो केला की पुढचं सगळं आपोआप पटतं. ५ बाय ५ मिलिमीटर तुकड्यावर सांध्यात साधारण १.६ गुणिले १० चा १४वा घात इतके युनिट सेल बसतात. प्रत्येकाने एक बोर मॅग्नेटॉन (साधारण एका इलेक्ट्रॉनचं चुंबकत्व) दिला, आणि हे फारच उदार गृहीतक आहे, तरी एकूण आघूर्ण १.५ गुणिले १० चा उणे ६वा घात ईएमयू (चुंबकी आघूर्णाचं एकक). आता लोखंड: एका ग्रॅमला २१८ ईएमयू. म्हणजे तुमच्या सगळ्या सांध्याची बरोबरी करायला ७ नॅनोग्रॅम लोखंड पुरतं. हा कण साधारण १० मायक्रॉनचा, डोळ्याला न दिसणारा.

असा कण येतो कुठून? स्टीलच्या चिमट्यातून. हे अंदाजाने म्हणत नाही. २००४ मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरांत अनपेक्षित चुंबकत्व सापडल्याची बातमी आली. २००५ मध्ये आयबीएमच्या संशोधकांना स्वच्छ थरांत ते दिसलं नाही, आणि स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्या तुकड्यात तसाच सिग्नल दिसला. तेव्हापासून आमच्याकडे चुंबकत्वाच्या नमुन्याला स्टील लागत नाही. प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा चिमटा, वेगळ्या डबीत, वर नाव लिहिलेला. दुसऱ्या गटाने उसना मागितला तर देऊ नका.

चिमटा हा एकच चोर नाही. हीटरवर सबस्ट्रेट चिकटवायला पाठीवर लावलेल्या चांदीच्या पेस्टचे अवशेष, धातूच्या होल्डरला तापताना टेकलेले काठ, मार्कर पेनने केलेली खूण, कॅप्टॉन टेपचा तुकडा, हे सगळे सिग्नल देतात. स्क्विडसाठीचा (अगदी बारीक चुंबकत्व मोजणारं अतिवाहक यंत्र) नमुना पेस्टशिवाय बसवा आणि मापताना स्वच्छ प्लास्टिक स्ट्रॉमध्ये घट्ट बसेल असा ठेवा. नुसत्या एसटीओचा जोडीदार तुकडा याच वाटेने न्या आणि आधी तोच मोजा.

मशीनचेही काही खेळ आहेत. एसटीओ स्वतः डायमॅग्नेटिक (क्षेत्राला किंचित विरोध करणारा) आहे आणि मोठ्या क्षेत्रात त्याचा सिग्नल सांध्यापेक्षा कितीतरी पट मोठा असतो. एक सरळ रेषा वजा करून उरलेलं तुम्ही बघता, आणि रेषेचा उतार जरा चुकला की उरलेल्यात वाटेल तसा वळसा दिसतो. अतिवाहक चुंबकात मागच्या क्षेत्राचे काही ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचं एकक) अडकून राहतात, पण सॉफ्टवेअर शून्यच दाखवतं. त्यामुळे काही ओर्स्टेड रुंदीचा लूप (क्षेत्र चढवताना एक वाट, उतरवताना दुसरी) आला तर आधी पॅलेडियमचा प्रमाण नमुना त्याच क्रमाने मोजा. त्यातही लूप आला तर दोष क्षेत्राचा. आणि तापमानाच्या आलेखात ५० केल्विनच्या आसपास उंचवटा दिसला तर उत्साहित होऊ नका, तो बहुधा चेंबरमध्ये अडकलेला, गोठलेला ऑक्सिजन आहे.

रोधातून चुंबकत्व शोधताना वेगळी पथ्यं. ट्वेंटेच्या मूळ कामात तापमान खाली गेल्यावर रोध लॉगॅरिदमसारखा वाढला आणि ०.३ केल्विनला चुंबकीय क्षेत्र पुढेमागे केल्यावर रोधात लूप आला. तुमच्याकडे असं दिसलं तर क्षेत्र फिरवायचा वेग निम्मा करा आणि मग पुन्हा निम्मा. लूप आक्रसत गेला तर तो बहुधा नमुन्याच्या तापमानाचा आहे, कारण क्षेत्र बदलताना आजूबाजूचे भाग गरम-थंड होतात. लॉगॅरिदमची वाढ दोन कारणांनी होते, कोंडो परिणामाने (चुंबकी अणूंवर इलेक्ट्रॉन विखुरल्याने) आणि वीक लोकलायझेशननेही (चुंबकत्व नसताना इलेक्ट्रॉनांच्या लहरी एकमेकींत मिसळून). क्षेत्र आधी सांध्याला लंब आणि मग समांतर लावून दोन्ही वेळा मोजलं तर या दोन कारणांतला फरक ओळखायला मदत होते.

हे सगळं पार करून सिग्नल उरलाच तर तो किती असावा, याबद्दलही जाणकारांचं एकमत नाही. २०११ मध्ये टॉर्क मापनाने (क्षेत्रात नमुन्यावर येणारा पीळ मोजून) दर सेलला ०.३ बोर मॅग्नेटॉनच्या आसपास आकडा दिला. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या कॅथरिन मोलर यांच्या गटाने स्कॅनिंग स्क्विडने सांध्यावर विखुरलेले चुंबकीय ठिपके आणि शेजारीच अतिवाहकता एकाच नमुन्यात दाखवली. आणि न्यूट्रॉन मापन करणाऱ्यांना, त्यांच्या मर्यादेपर्यंत, काहीच सापडलं नाही. तिन्ही खरी असू शकतात: चुंबकत्व ठिपक्यांत असेल, नमुन्यागणिक बदलत असेल, तर सरासरी मोजणाऱ्या पद्धतीला ते कमी दिसणारच. म्हणून एका पद्धतीच्या आकड्यावर थिसिसचा अख्खा अध्याय उभा करू नका. एकाच खेपेत केलेले दोन-तीन तुकडे दोन वेगळ्या पद्धतींनी मोजून घ्या, त्यातली एक तरी ठिपका-ठिपका बघणारी असू द्या, आणि त्यासाठी दुसऱ्या संस्थेत अर्ज करावा लागला तर तो आजच करा, कारण अशा मशीनवर वेळ लगेच मिळत नाही.

नोंदवहीत प्रत्येक तुकड्यासमोर तारीख, दाब, खिडकीच्या आतली ऊर्जा, किती हेलकाव्यांवर थांबलात, ऑक्सिजनमध्ये किती वेळ ठेवला, अंधारात कधी घातला आणि कुठल्या चिमट्याने धरला, एवढं लिहा. शेवटचा रकाना हसण्यावारी नेऊ नका.